क्योतोचं उंदरांचं देऊळ (ओतोयो जिंजा): सारखे येणारे प्रश्न

जपानच्या ट्रिपचं प्लॅनिंग करणारे लोक क्योतोच्या फुशिमी इनारी या प्रसिद्ध डोंगरावरच्या देवळाबद्दल विचारतात तसं हल्ली "ते उंदरांचं छोटं देऊळ" म्हणूनही विचारायला लागलेत, आणि प्रश्न बरेचसे तेच तेच असतात. म्हणून सगळे एका जागी उत्तरांसकट टाकतेय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे जरा अडचणीचे.

हे देऊळ नक्की कुठे आहे आणि कुणाचं आहे?

क्योतोच्या पूर्वेला, साक्यो वॉर्डमधल्या शिशिगातानी भागात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. गिंकाकुजी या बौद्ध देवळापासून दक्षिणेकडे कालव्याच्या काठाने जो 'तत्त्वज्ञांचा रस्ता' जातो (निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ इथे विचार करत फिरायचे म्हणून हे नाव) त्या रस्त्यावरून जरा आत वळलं की तोरी, म्हणजे ती दोन खांबांची कमान, दिसते. देऊळ इ. स. ८८७ चं, सम्राट उदा आजारी होते त्यांना बरं वाटावं म्हणून स्थापन झालेलं. मुख्य देव सुकुनाहिकोना, औषधांचा देव, आकाराने इतका चिमुकला की शेंगेच्या होडीत बसून लाटांवरून आला अशी कथा आहे. त्याच्या सोबत सम्राट ओजिन आणि विद्येचा देव मानले गेलेले सुगावारा नो मिचिझाने. आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत: हे त्या आळीचं ग्रामदैवत आहे. आपल्या गावातल्या भैरोबाला किंवा मरीआईला बाहेरचा माणूस जसा जरा आब राखून जातो तसंच इथे जायचं, प्राण्यांचा फोटो-पॉइंट समजून नाही.

मग उंदीर कुठून आले?

उंदीर मुख्य देवळात नाहीतच! ते आवारातल्या दाइकोकुशा नावाच्या छोट्या देवळीसमोर आहेत आणि तो देव आहे ओकुनिनुशी. कथा ७१२ सालच्या 'कोजिकी' ग्रंथातली. ओकुनिनुशी पाताळासारख्या एका देशात जातो, तिथे सुसानोओ या उग्र देवाच्या मुलीवर, सुसेरीबिमेवर, त्याचं मन बसतं आणि सासरेबुवा एकामागून एक परीक्षा घेतात, आधी सापांच्या खोलीत झोपवतात, मग गोम आणि गांधीलमाशांच्या खोलीत, या दोन्हीतून तो बायकोने दिलेल्या ओढणीमुळे वाचतो. मग सुसानोओ माळावर एक बाण मारतो, म्हणतो जा घेऊन ये, आणि हा गवतात शिरल्यावर चारी बाजूंनी आग लावून देतो. बायकोही जवळ नाही, ओढणीही नाही. तेव्हा एक उंदीर येऊन सांगतो की आत पोकळ आहे, तोंड तेवढं अरुंद आहे. ओकुनिनुशी तिथे पाय आपटतो, जमीन खचते, तो बिळात पडतो आणि आग वरून निघून जाते. वर तो बाणही उंदीरच तोंडात धरून आणून देतो, फक्त पिसं त्याच्या पिल्लांनी कुरतडलेली असतात.

मला ही पिसांची गोष्ट फार आवडते. ज्यांनी जीव वाचवला तेही शेवटी उंदीरच, पिल्लं कुरतडणारच, आणि ते लिहिणाऱ्याने गाळलं नाही.

त्या दोन उंदरांच्या हातात काय आहे?

एकाने गुंडाळीचा ग्रंथ धरलाय, तो विद्येसाठी. दुसऱ्याकडे गोलसर मद्यपात्र आहे, ते दीर्घायुष्यासाठी. जपानी देवळासमोर सहसा कोमाइनु म्हणजे सिंहासारख्या कुत्र्यांची जोडी राखणीला असते, इथे ती जागा उंदरांना मिळाली म्हणून ते कोमा-नेझुमी. देऊळ अकराशे वर्षांचं असलं तरी हे दगडी उंदीर १९६९ साली बसवलेत, त्यामुळे "हजार वर्षं जुने उंदीर" असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे. वसंतात कितीतरी वेळा त्यांच्यापुढे कॅमेलियाची फुलं ठेवलेली असतात, आणि ओला करडा दगड आणि लाल फुलं, खरंच डोळे निवतात.

फक्त उंदीरच आहेत का?

नाही, आणि हेच बहुतेक लोक चुकवतात, उंदरांचा फोटो काढला की परत फिरतात. शेजारच्या हियोशी देवळीला माकडं आहेत (बिवा तलावाजवळच्या हियोशी ताइशाचा दूत माकड, तिथून हे आलं), अतागो देवळीला घारी आहेत, ही देवळी आगीपासून रक्षणासाठी, भाताचा देव इनारी, त्याला कोल्हे आहेत आणि मुख्य देवळासमोर साप. एवढ्याशा आवारात हे सगळं. एकेकासमोर दोन मिनिटं थांबा, घारींची जोडी राखणीला तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

आपल्या गणपतीच्या उंदरासारखंच आहे का हे?

तसं नाही. आपल्याकडे उंदीर वाहन आहे, इथे तो देवाचा दूत आणि दारावरचा राखणदार. पण भारताशी धागा आहे, तो दुसरीकडून. आपला महाकाल बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे दाइकोकुतेन झाला, हळूहळू उग्रपणा गेला आणि हातात हातोडी, पाठीवर पोतं, पायाखाली भाताची पोती असा हसरा समृद्धीचा देव झाला, आणि जिथे धान्य तिथे उंदीर हे ओघानं आलंच. पुढे लोकांनी दाइकोकुतेन आणि ओकुनिनुशी यांना एकच मानायला सुरुवात केली. म्हणून या देवळीचं नाव दाइकोकुशा.

गणपतीच बघायचा असेल तर तो जपानात आहे, कांगितेन या नावाने, पण बौद्ध देवळांत. क्योतोहून जाता येईल असं म्हणजे नारा प्रांतातल्या इकोमाचं होझानजी. मूर्ती मात्र गुप्त ठेवतात, दर्शन होत नाही, हे माहीत असू दे म्हणजे हिरमोड व्हायचा नाही.

जायचं कसं? तिकीट किती?

प्रवेश फुकट. क्योतो स्टेशनवरून ५ नंबरची सिटी बस घ्या, हिगाशी तेन्नोचोला उतरा, तिथून दहाएक मिनिटं चालत. ३२ नंबरची बस मियानोमाएचोला सोडते, तो स्टॉप जास्त जवळ आहे पण ती बस कमी असते. बसचं भाडं मोठ्यांना २३० येन, अंतर कितीही असो. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे, इकोका (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं) कार्ड असेल तर सुट्ट्याची कटकट नाही. जुन्या मराठी ब्लॉगांवर फक्त बसचा एक दिवसाचा पास घ्या असं लिहिलेलं सापडेल, तो पास बंद झालाय. आता बस आणि सबवे मिळून जो पास आहे तो ११०० येनचा, म्हणजे दिवसात पाचेक फेऱ्या होणार असतील तरच परवडतो.

माझं मत विचाराल तर गिंकाकुजी बघून कालव्याच्या काठाने चालतच या. सगळा रस्ता दोनेक किलोमीटरचा आहे, वाटेत होनेन-इन लागतं, पुढे एइकान्दो (दोन्ही बौद्ध देवळं), आणि हे देऊळ त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

कधी जावं?

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यात सुंदर, आधी झुकलेल्या फांद्यांचा प्लम फुलतो, कॅमेलिया असतोच, मग चेरी. चेरीच्या आठवड्यात कालव्याचा रस्ता मुंगीला शिरायला जागा नाही असा होतो पण देवळात त्यामानाने शांत असतं. टाळायचं असेल तर उंदराच्या वर्षातला (तिथे बारा प्राण्यांच्या नावाने वर्षं मोजतात) जानेवारी टाळा, २०२० मध्ये इथे मोठ्ठ्या रांगा लागल्या होत्या, पुढचं उंदराचं वर्ष २०३२. एरवी सकाळी लवकर जा. अर्धा तास पुरतो, मन लागलं तर तास.

चपला काढायच्या का?

नाही. आवारात चपला-बूट घालूनच फिरायचं, नमस्कारही बाहेरूनच. एखाद्या इमारतीच्या आत लाकडी किंवा तातामीच्या (गवती चटयांच्या) जमिनीवर बोलावलं तरच काढा.

नमस्कार नक्की कसा करायचा?

तोरीपाशी थोडं वाकायचं आणि कडेकडेनं आत जायचं, मधली वाट देवाची. मग पाण्याच्या कुंडापाशी हात धुवायचे: पळीनं आधी डाव्या हातावर, मग उजव्या, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला तोंड लावायचं नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही, बाजूला), परत डावा हात, शेवटी पळी उभी करून तिचा दांडा धुवायचा. कोविडनंतर बऱ्याच देवळांनी पळ्या काढून टाकल्यात, तिथे वाहत्या पाण्याखाली हात धुतले की झालं. देवासमोर नाणं पेटीत, घंटा असेल तर वाजवायची, दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोलायचं, परत एकदा वाकायचं. नाणं कितीचंही चालतं.

क्रम म्हणाल तर आधी मुख्य देव, मग उंदीर-माकडं-कोल्हे. आल्या आल्या थेट उंदरांकडे धावू नका, एवढी एकच विनंती आहे.

ओकुनिनुशीला चार टाळ्या वाजवतात असं ऐकलंय, मग इथे दोन की चार?

चार टाळ्यांची पद्धत इझुमो ताइशाची, ते ओकुनिनुशीचं मुख्य स्थान. क्यूशूमधल्या उसा जिंगूमध्येही चार. इथे नेहमीच्या दोनच.

नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती, पेढे... काय नेऊ?

काही नेऊ नका, खरंच. कुंकवाचे डाग दगडावरून निघत नाहीत, उदबत्ती-कापूर-निरांजन तर नकोच, सगळं लाकडाचं काम आहे. खायचं काही ठेवलं तर खरे उंदीर आणि कावळे येतात आणि साफ कुणाला तरी करावं लागतं. फुलं आवारातली तोडून उंदरांच्या हातावर ठेवायची नाहीत, ती फोटोत दिसतात म्हणून लोकांना वाटतं आपणही ठेवावीत. भाव व्यक्त करायचाच असेल तर पेटीत जरा जास्त नाणी टाका किंवा एमा, म्हणजे नवसाची लाकडी पाटी, घेऊन त्यावर लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं, देवाला कळतं.

प्रदक्षिणा घालू का? साष्टांग नमस्कार?

प्रदक्षिणेची रीत इथे नाही आणि देवळ्यांच्या मागे बहुतेक जागाही नसते, डोंगर लागतो. साष्टांगही नाही. वाकून केलेला नमस्कार इथे पूर्ण नमस्कार आहे.

मूर्तींना हात लावला तर चालतो का? मांडीवर बाळ बसवून फोटो?

बाळ बसवू नका, चौथऱ्यावर चढू नका, गळ्यात ओढणी-गॉगल अडकवू नका. हात लावून नमस्कार करायची खरोखर पद्धत असलेलं देऊळ हवं असेल तर ते जवळच आहे, पुढचा प्रश्न बघा. फोटो आवारात काढता येतात, पण कुणी प्रार्थना करत असेल तर थांबा आणि गाभाऱ्याच्या आत कॅमेरा रोखू नका.

सशांचं देऊळ हेच का?

नाही, ते ओकाझाकी जिंजा, इथून वीसेक मिनिटं चालत, मारुतामाची रस्त्यावर. ७९४ साली राजधानी क्योतोला आली तेव्हा शहराच्या चार दिशांना राखणीची देवळं ठेवली त्यातलं पूर्वेचं. देव सुसानोओ, त्याची बायको कुशिनादाहिमे आणि त्यांची मुलं, म्हणून मूल व्हावं, बाळंतपण नीट व्हावं यासाठी लोक येतात. हात धुवायच्या जागी काळ्या दगडाचा उभा ससा आहे, त्याच्यावर पाणी ओतून पोटावरून हात फिरवायचा. सशाच्या आकाराची चिनीमातीची भविष्य-चिठ्ठी तिथेच मिळते, शेकडो पांढरे ससे ओळीत मांडलेले दिसतात ना फोटोत, ते हेच.

ओकुनिनुशीने सशाला बरं केलं होतं, मग ओकाझाकीचे ससे त्याच गोष्टीतले?

चांगला प्रश्न आहे आणि पुष्कळ लोक गोंधळतात. कातडी सोललेल्या सशाला ओकुनिनुशीने बरं केलं ती इनाबाच्या सशाची कथा, ती कोजिकीतच आहे, पण ओकाझाकीच्या सशांचा तिच्याशी संबंध नाही. त्या भागात पूर्वी रानससे भरपूर होते आणि सशांना पिल्लं खूप होतात, म्हणून ते या देवाचे दूत झाले. उलट बघा, इनाबाच्या कथेतला देव ओतोयोत आहे पण तिथे ससा नाही, उंदीर आहेत.

आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का?

थोडा चढ आहे आणि काही पायऱ्या आहेत, फुशिमी इनारीसारखं डोंगर चढणं नाही. सावकाश होतं. व्हीलचेअर मात्र मुख्य देवळापर्यंत नेणं कठीण. बसमधून उतरून चालायचं अंतर नको असेल तर टॅक्सी करा.

आणि आईला घेऊन क्योतोत असालच तर गोओ जिंजाला जरूर न्या, सम्राटांच्या जुन्या वाड्याच्या पश्चिमेला कारासुमा रस्त्यावर. तिथे राखणीला रानडुकरं आहेत. वाके नो कियोमारो नावाचा दरबारी उसा जिंगूला निघाला, शत्रूंनी पायाच्या शिरा तोडलेल्या, तर ३०० रानडुकरांनी येऊन त्याला वाट दाखवली आणि त्याचे पाय बरे झाले अशी आख्यायिका. म्हणून पाय, गुडघे, कंबर यांसाठी लोक तिथे जातात. रस्ता सपाट आहे, ज्यांचे पाय दुखतात त्यांच्यासाठी देऊळही तसंच हवं.

माझं जन्मवर्ष उंदराचं आहे का? जानेवारीत जन्म असेल तर?

१९६०, १९७२, १९८४, १९९६, २००८, २०२० ही उंदराची वर्षं. जानेवारीचा घोळ असा की चिनी पद्धतीत वर्ष चांद्र नववर्षाला बदलतं, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणून इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर १० जानेवारी १९८४ ला जन्मलेल्याला डुक्कर सांगतात. जपानने १८७३ पासून नवं कॅलेंडर घेतलं आणि आता तिथे १ जानेवारीपासूनच धरतात, म्हणजे जपानी देवळात तुम्ही उंदीरच. उंदीर नसलात तरी दर्शनाला काहीच आडकाठी नाही.

सुतक असताना जाऊ का? तिकिटं आधीच काढलेली आहेत.

हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याची अडचण खरी असते. आश्चर्य वाटेल पण जपानमध्येही सुतक आहे. शिंतोमध्ये, म्हणजे जपानच्या मूळ धर्मात (ओतोयो याच धर्माचं), घरात जवळचं माणूस गेलं की साधारण ५० दिवस देवळात जात नाहीत, तोरीखालूनही नाही. म्हणजे आपल्यापेक्षा मोठं. तिथे कुणी तुम्हाला विचारणार नाही, अडवणार नाही, पण तुम्ही स्वतः पाळत असाल तर ते तिथल्या रीतीशी जुळतंच. हा नियम बौद्ध देवळांना नाही, त्यामुळे त्याच रस्त्यावरच्या होनेन-इन आणि एइकान्दोला निश्चिंत जा, गेलेल्या माणसासाठी तिथे हात जोडता येतील. होनेन-इनचं गवती छपराचं दार आणि मागची झाडी अशा वेळी मनाला फार बरी वाटते, हे मी मनापासून सांगतेय.

पाळी असताना?

जुन्या काळी तिकडेही बंधनं होती. आज साध्या दर्शनाला कुणी विचारत नाही, तुमचा निर्णय तुमचा.

गोशुइन मिळतं का?

गोशुइन म्हणजे दर्शनाची खूण म्हणून देतात तो लाल शिक्का आणि ब्रशनं लिहिलेलं नाव. दिवसा कार्यालयात कुणी असेल तेव्हा मिळतं, साधारण ३०० ते ५०० येन, सुट्टे द्या. छोटं देऊळ आहे, खिडकी बंद असेल तर हाका मारत बसू नका. आणि साध्या वहीत किंवा पासपोर्टवर मागू नका (मागतात लोक!), त्याची वेगळी वही मिळते. आधी दर्शन, मग गोशुइन.

भविष्य-चिठ्ठी वाईट निघाली, आता?

घाबरू नका. ठरवून दिलेल्या दोरीला किंवा चौकटीला बांधून या. चांगली निघाली तर घरी न्या. झाडाच्या फांदीला मात्र बांधू नका, झाडाला त्रास होतो.

शाकाहारी आहोत, आसपास काय खाऊ?

जवळच्या नान्झेनजी या बौद्ध देवळाकडे युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, प्रसिद्ध आहे, पण बुडवायच्या सॉसमध्ये बहुतेकदा माशाचा अर्क असतो. ऑर्डर द्यायच्या आधी विचारा किंवा स्वतःचं मीठ-लिंबू ठेवा. देवळाच्या आवारात डबा उघडू नका, आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबे सापडत नाहीत त्यामुळे एक पिशवी जवळ असू दे.

तिथला ओमामोरी (ताईत) भारतात आणला, वर्ष झालं, आता त्याचं काय करू?

रीत अशी की वर्षभराने तो जिथून घेतला त्याच देवळात परत करायचा, ते विधिवत जाळतात. पुन्हा जाणं होणार नसेल तर जपानला जाणाऱ्या ओळखीच्या कुणाकडे द्या, दुसऱ्या शिंतो देवळातही बऱ्याचदा घेतात, बौद्ध देवळात मात्र देऊ नका. तेही शक्य नसेल तर जपानी घरांत करतात तसं करा: पांढऱ्या कागदावर ठेवायचा, चिमूटभर मीठ टाकायचं, आभार मानून गुंडाळायचा आणि वेगळा बांधून कचऱ्यात द्यायचा. नदीत सोडू नका, आत कापड आणि प्लास्टिक असतं. आणि उघडून आत काय आहे ते बघू नका, वर्ष संपलं तरी.